गीझरातलं गार पाणी

दार्सैत, मस्कत
१० मे २०२४

ती. सौ. विद्याताईस,
जितेशचा सा. न. वि. वि.

आईला आता फोनवर काहीच ऐकू येत नाही. ती नुसतं बरं बरं म्हणते आणि जेवलास का विचारते. मी हो म्हटलं की पुन्हा तेच विचारते. म्हणून तू म्हणालीस तसं पत्र लिहायला बसलो. रविवारी घरी जाशील तेव्हा मोठ्याने वाचून दाखव, आणि मास्तरणीच्या सवयीने लाल पेन घेऊन बसू नकोस. दहावीनंतर एवढं मराठी पहिल्यांदाच लिहितोय. पत्र सुट्टीवर निघालेल्या एका ओळखीच्याबरोबर पाठवतोय. सोबतचा खजूर आईचा आहे, अंतराने मागितला तरच तिला.

बातमी चांगली आहे. आमच्या अर्बाबने, म्हणजे कंपनीच्या मालकाने, वर्षाच्या सर्व्हिसिंगचं काम धरायचं ठरवलं आहे. आत्तापर्यंत गीझर बिघडला की आम्हाला बोलावणं यायचं. आता न बिघडता वर्षातून एकदा जायचं, टाकी उघडून तपासायची. दार्सैतमध्येच मुस्तफा नावाच्या ओमानी मालकाची वीस फ्लॅटची बिल्डिंग आहे, ती मी मिळवली. फ्लॅटमागे दहा रियाल. मुस्तफा छान हिंदी बोलतो. काही बिघडलेलं नसताना पैसे कशाचे, हे त्याने मला तीन वेळा विचारलं आणि मी तीन वेळा नीट सांगू शकलो नाही. शेवटी एक वर्ष बघू म्हणाला.

हे काम टिकलं तर अर्बाब मला सुपरवायझर करणार आहे. मग पगार इतका होईल की बायको-मुलीचा, शिवांगीचा आणि अंतराचा, व्हिसा करता येईल. अंतरा पुढच्या वर्षी पहिलीत जाणार. ती इथल्या शाळेत जावी असं फार वाटतं. इथे येऊन मला सात वर्षं झाली, तिच्या जन्मापासून मी तिच्याबरोबर सगळे मिळून आठ महिने राहिलोय.

इथली एक गंमत आईला सांग. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी एवढी तापते की गार नळाचं पाणी अंगावर घेववत नाही. म्हणून लोक गीझरचं बटण बंद करतात. गीझर घराच्या आत, एसीच्या गारव्यात. त्यातलं पाणी साठून निवतं. मग आंघोळीला गरम नळ सोडायचा, त्यातून गार पाणी येतं.

लोभ आहे तेवढा पुरे, फक्त रागावू नकोस.

तुझा
जितेश


कुडाळ
२ जून २०२४

चि. जितेशला,
विद्याताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आईने ते दोनदा वाचून घेतलं आणि मग उशाखाली ठेवलं. गरम नळातून गार पाणी हे तिला पटलेलं नाही. तू उन्हात फिरतोस, त्याचा हा परिणाम आहे असं तिचं मत. शिवाय तिने सगळ्या वाडीत सांगून ठेवलं आहे की आपला झील मस्कतला बॉयलर सांभाळतो. शेजारचे तात्या मला विचारत होते की जितेश बोटीवर कधी लागला. मी म्हटलं, बोट लहान आहे, न्हाणीघरात मावते.

तुझ्या मुस्तफाची बाजू मात्र मला कळते. दहा रियाल म्हणजे आपले एकवीस-बावीसशे रुपये. आमच्या घरचा गीझर आठ वर्षं चालू आहे, त्याला कोणी हात लावलेला नाही. पूर्वी तांब्याचा बंब होता तो आई दर शनिवारी चिंचेने घासायची, पण तो चकचकीत दिसायचा तरी. तू टाकी उघडणार, पुन्हा बंद करणार, आणि बाहेरून ती होती तशीच दिसणार. मग माणसाने पैसे कशाला द्यायचे? मला समजेल असं लिही. मला समजलं तर मुस्तफालाही समजेल.

शिवांगी बालवाडीचं काम सांभाळून इंग्रजी बोलायचा क्लास करते आहे. तुला सांगू नका म्हणाली होती, म्हणून सांगते. अंतराने नवीन दप्तर मागितलं नाही, मस्कतला गेल्यावर घेऊ म्हणाली. हे वाचून रडत बसू नकोस.

सगळ्यांकडून आठवण, माझ्याकडून थोडी जास्त.

तुझी
ताई


दार्सैत
१९ जुलै २०२४

ती. सौ. विद्याताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. शिवांगीलाही नको.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. गीझरच्या टाकीत एक मॅग्नेशियमची कांडी असते. पाणी टाकीचा पत्रा खायला बघतं, त्याच्या आधी ही कांडी खातं. कांडी संपली की पत्र्याची पाळी. तळाला क्षार आणि गाळ बसतो, त्याने वीज जास्त लागते आणि पाण्याला वासही येतो. आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. आत दाब वाढला की तो थेंब थेंब पाणी सोडतो. तो अडकला आणि पाणी तापणं वेळेवर थांबलं नाही, तर टाकी फुटू शकते. मी कांडी बघतो, गाळ काढतो, व्हॉल्व्ह उघडून बघतो, तापमानाचा स्विच तपासतो. एका गीझरला तास-सव्वा तास. नवीन टाकीला सत्तर रियाल तरी लागतात. हा सगळा हिशेब, ताई, मला आता तोंडपाठ आहे. त्याचा काही उपयोग राहिलेला नाही.

मी काय केलं ते ऐक. नोव्हेंबरात गीझर चालू करायची घाई असते, आम्हाला श्वास घ्यायला वेळ नसतो. जुलैत गीझर बंदच, माणसं मोकळी. मग जुलैतच सर्व्हिसिंग उरकू, कोणाला त्रास नाही, अशी कल्पना मीच काढली. अर्बाबने पाठ थोपटली. चार दिवसांत वीस टाक्या रिकाम्या केल्या, धुतल्या, पुन्हा भरल्या. भरल्या कशाने, तर गच्चीवरच्या उकळत्या पाण्याने! प्रत्येक घरातली गार पाण्याची एकमेव साठवण मी मोरीत सोडून दिली. निवायला दोन दिवस लागतात. सात वर्षं मी स्वतः उन्हाळ्यात त्याच नळाने आंघोळ करतो, तुम्हालाही कौतुकाने लिहिलं, आणि कामाच्या वेळी डोक्यात आलं नाही.

मुस्तफाला सतरा फोन गेले. तिसऱ्या मजल्यावर रुबिनाआपा म्हणून आहेत, घरी शिवणकाम करतात. त्यांनी मला जिन्यातच गाठलं आणि विचारलं की मी गीझर साफ करायला आलोय की त्यांची मुलं वाफवायला. मुस्तफा एवढंच म्हणाला की या वर्षाचे पैसे दिले ते दिले, पुढे खलास.

अर्बाब म्हणतो, रिपोर्ट अजून गेलेला नाही, त्यात आठ गीझर धोक्याचे होते असं लिही. मालक घाबरेल आणि काम चालू ठेवेल. खरं तर धोक्याचा एकच होता. दुसऱ्या मजल्यावर स्वरूप नावाचा पुण्याचा मुलगा राहतो, बँकेत आहे. व्हॉल्व्हचं पाणी दाढी करताना डोक्यावर पडतं म्हणून त्याने त्याचं तोंड एमसीलने बुजवून टाकलं होतं. नोव्हेंबरात बटण दाबल्यावर काय झालं असतं कोण जाणे. चार टाक्यांत गाळ होता. बाकी पंधरा धडधाकट.

काम गेलं तर सुपरवायझर दुसरा कोणी होईल. ऑगस्टअखेर अर्बाब ठरवणार. ताई, आठ लिहिलं तर शिवांगी आणि अंतरा इथे येतात. काय करू?

तुझा
जितेश


कुडाळ
४ ऑगस्ट २०२४

चि. जितेशला,
अनेक आशीर्वाद.

आईला सांगितलं नाही. शिवांगीला सांगितलं. नवऱ्याच्या नोकरीची गोष्ट बायकोपासून लपवायला मी तुझी कोणी वकील नाही.

ती आधी हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. वीस घरांना भर उन्हाळ्यात कढत आंघोळ घालणारा नवरा आपलाच, म्हणाली. मग जरा वेळाने तिने विचारलं की लोकांना आदल्या दिवशी सांगितलं नव्हतं का. गावात पाण्याची टाकी धुवायची असली की ग्रामपंचायत आदल्या सकाळपासून स्पीकरवर ओरडते, भरून ठेवा, भरून ठेवा. कळशी, घागर, बादली, मिळेल ते भरलं जातं आणि कोणी तक्रार करत नाही. एसीच्या खोलीत बादलीतलं पाणीही निवेलच की, असं तिचं म्हणणं. मला यात खोट दिसली नाही. तुला दिसते का?

आता आठाचं. तुला माझा उपदेश नको असणार, म्हणून शाळेतला अनुभव सांगते. एकदा तपासणीच्या भीतीने मी हजेरीत सहा मुलं जास्त दाखवली होती. पुढे वर्षभर त्या सहा मुलांचं काय करायचं हे मला कळेना. ती पास होईनात, नापास होईनात, शाळा सोडून जाईनात. तू सात खोटे धोके लिहिलेस, तर त्या सात घरांची माणसं उद्यापासून बाथरूममध्ये जीव मुठीत धरून जातील. तू त्यांच्या डोळ्यांत बघून स्क्रू कसा फिरवणार?

अंतराची शाळा एक वर्ष उशिरा झाली तरी चालेल, हे शिवांगीचे शब्द आहेत. ते बोलताना ती भांडं घासत होती आणि ते भांडं तिने फार वेळ घासलं, हेही लिहायला हवं.

आईची काळजी करू नकोस. त्या दोघी तिकडे आल्या तर आई माझ्याकडे राहील. तिने अट घातली आहे की मांजर बरोबर येईल. मांजराने अजून होकार दिलेला नाही.

जेव वेळेवर. हे आईचं, पण माझंही समज.

तुझी
ताई


दार्सैत
६ सप्टेंबर २०२४

ती. सौ. विद्याताईस,
सा. न. वि. वि.

उद्या गणपती. तुम्ही आत्ता गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधत असाल. हे पत्र सगळ्यांना वाचून दाखव, हवं तर गणपतीलाही.

मी खरा रिपोर्ट लिहिला. एक धोक्याचा, चार गाळाचे, पंधरा चांगले. अर्बाबने तो वाचून टेबलावर टाकला आणि म्हणाला, जा, स्वतःच नेऊन दे, मी येत नाही.

त्याआधी एका शुक्रवारी मी बिल्डिंगमध्ये दार दार फिरलो. चूक माझी होती, आधी सांगायला हवं होतं, एवढंच म्हणत गेलो. काहींनी दार अर्धंच उघडलं. रुबिनाआपांनी आत बोलावून सरबत दिलं आणि पुन्हा एकदा सगळं सुनावलं. मग जाता जाता म्हणाल्या की एक मात्र आहे, गीझरच्या पाण्याला दोन उन्हाळे सडका वास येत होता, तो गेला. मुलं आता तोंड वाकडं न करता आंघोळ करतात. त्यांचा गीझर त्या चार गाळाच्या गीझरांपैकी. स्वरूपला मी त्याच्या व्हॉल्व्हची गोष्ट हळू आवाजात समजावली, तर त्याने तिथेच घामाघूम होऊन बायकोला हाक मारली आणि सगळं कबूल केलं. तिने जे सुनावलं ते मराठीत होतं, म्हणून मला नीट समजलं.

मग मुस्तफाकडे गेलो. त्याने रिपोर्ट वाचला. पंधरा चांगले हे वाचून त्याने मान वर केली आणि विचारलं की म्हणजे पंधरा फ्लॅटचे दीडशे रियाल मी उगाच दिले का. ताई, हाच तो प्रश्न, ज्याचं उत्तर मला तीन वेळा देता आलं नव्हतं. या वेळी मी त्याला म्हटलं, पंधरा चांगले आहेत हे आज आपल्याला माहीत आहे. जूनमध्ये तुम्ही मला विचारलं असतं की विसातला तो एक कुठला, तर ना तुम्हाला सांगता आलं असतं, ना मला. स्वरूप तर त्याच घरात राहत होता, त्यालाही नाही.

त्याने रिपोर्ट बाजूला ठेवला. काहवा, म्हणजे इथली कोरी कॉफी, ओतला, स्वतः प्यायला, मलाही दिला. मग विचारलं की पुढच्या वर्षी जुलैतच येणार का. मी म्हटलं, नाही, एप्रिलमध्ये, लोक गीझर बंद करतात त्या आठवड्यात, आणि आदल्या दिवशी प्रत्येक घरी सांगून. उन्हाळाभर मग स्वच्छ पाणी गार होत राहील. तो म्हणाला, ठीक, एक वर्ष आणखी. पण एक जरी फोन आला तरी इन्शाल्ला तुझं-माझं तिथेच संपलं.

अर्बाबला सांगितलं तर तो बराच वेळ हिशेब करत बसला आणि म्हणाला की ऑक्टोबरपासून तू सुपरवायझर. पण ही बिल्डिंग सुटली तर पुन्हा पाना हातात घ्यायचा. मी म्हटलं, पाना मी सोडलेलाच नाही.

शिवांगीला सांग, पासपोर्टच्या प्रती काढून ठेव. भरून ठेवा, भरून ठेवा हे तिचं वाक्य मी पाठ केलंय.

तुमच्या लोभावरच इथपर्यंत आलो, आणखी काय लिहू?

तुझा
जितेश


दार्सैत
१८ एप्रिल २०२५

ती. सौ. विद्याताईंना,
शिवांगीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आम्ही येऊन महिना होऊन गेला आणि पत्र आज लिहिते आहे, माफ करा. अंतरा शाळेत जाऊ लागली. पहिले तीन दिवस तिथली मुलं भराभर इंग्रजी बोलतात म्हणून ती गप्प होती. चौथ्या दिवशी वर्गातल्या एका मुलीला तिने मराठीत दटावलं, आणि ती निघाली ठाण्याची! दोघींचं आता जुळलं आहे. संध्याकाळी आम्ही कृष्णाच्या देवळापर्यंत चालत जातो. अंतरा वाटेत बाबांचा हात सोडत नाही. ह्यांनी दुसऱ्या हातात भाजीची पिशवी धरली तर तीही तिला आवडत नाही.

तुम्हाला हवी आहे ती बातमी आता सांगते. या आठवड्यात मुस्तफाशेठच्या बिल्डिंगचं काम झालं. ह्यांना चार दिवस आधीपासून जेवण जात नव्हतं. मी म्हटलं, निरोप द्यायला मी येते, बायकांचं बायका ऐकतात. माझं इंग्रजी वापरायची वेळच आली नाही, सगळीकडे हिंदीच चाललं. रुबिनाआपा बरोबर आल्या. रोज दुपारी दुसऱ्या दिवशीची पाच घरं आम्ही दोघींनी केली. बादल्या भरून आतल्या खोलीत ठेवा, उद्या गीझर उघडणार आहेत. एका आजींकडे बादलीच नव्हती, त्यांना आपांनी स्वतःचा टब नेऊन दिला. स्वरूपभाऊंनी सगळ्यांच्या आधी सगळं भरलं, आंघोळीचा मग आणि चहाचं पातेलंसुद्धा.

या वेळी धोक्याचा एकही निघाला नाही. सहा कांड्या झिजून बारीक झाल्या होत्या, त्या बदलल्या. एक काढलेली कांडी हे मला दाखवायला घरी घेऊन आले. खडबडीत, बोटाएवढी उरलेली. नवीन असताना हातभर असते म्हणे.

चौथ्या दिवशी काम संपत आलं असताना मुस्तफाशेठचा फोन आला. ह्यांचा चेहरा उतरला. मी जिन्यात उभी होते, मला वाटलं, गेलं सगळं, आता अंतराच्या शाळेचं काय सांगायचं. पण ते विचारत होते की काम सुरू कधी करणार. ह्यांनी सांगितलं की एकोणीस झाले, शेवटचा चालू आहे. त्यांना खरंच वाटेना. एकाचाही फोन आला नाही, मग तू आत काय करतोस, असं पुन्हा पुन्हा विचारत होते. शेवटी गाडी काढून स्वतः आले, चार घरांची दारं वाजवली, आणि प्रत्येक घरात त्यांना गार पाण्याचा पेला मिळाला. खाली उतरून ह्यांना म्हणाले की पलीकडच्या गल्लीत त्यांच्या भावाची बिल्डिंग आहे, तीस फ्लॅटची, रविवारी जाऊन बघ.

आईंना हे पत्र सावकाश वाचून दाखवा. त्यांना म्हणावं, तुमचा झील बॉयलर चांगला सांभाळतो. मांजराला काय हवं-नको ते कळवा. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की तुम्ही आईंना घेऊन आठ दिवस तरी या. यायच्या आधी एक दिवस कळवा, म्हणजे बादल्या भरून ठेवते.

आमच्यावर माया आहेच, ती इकडे येऊन करा.

तुमची
शिवांगी