भावोजींचा सायलेन्सर

खंडेनवमी, संध्याकाळ. विजयनगर

सासऱ्यांचं रिव्हॉल्व्हर पूजेला मांडलं की धाकट्या भावोजींची टेप सुरू. आज माझ्या नव्या जावयापुढे. "चोर आले तेव्हा अप्पांनी सायलेन्सर लावून गोळी झाडली. मी शेजारच्या खोलीत, पण ऐकूच आलं नाही, गोत्ता? ठाऊक आहे?"

सायलेन्सर म्हणे. तो नळीच्या तोंडाशी गरम वायू अडवतो, हळूहळू सोडतो, म्हणून आवाज दबतो. पण रिव्हॉल्व्हरचं फिरतं चक्र आणि नळी यांत फट असते. वायू तिथूनही फुटतो, आवाज दबतच नाही. कुणाला शिकवतात? त्या फटीतलं कुंकू दरवर्षी काडीनं मीच काढते. आजही काढत होते.

त्या गोळीनं आमच्या जुन्या घराभोवतीचा अख्खा मंडी मोहल्ला जागा झाला होता. भावोजींना पलंगाखालून मीच ओढून काढलं. दोन्ही कानांत बोटं होती.