जीपच्या मागच्या बाजूने गेलेला कळप

रविवार, मार्गशीर्ष, १९७१

सुमे, वहीत कालच्या पानावर वार-महिना घालायचा विसरलीस. आज तरी आजी सांगते ते सगळं लिही.

जावयाच्या जीपमधून रेहेकुरीच्या माळावर काळवीट बघायला गेलो. पुढची जागा मला कबूल केलेली, पण बसल्या विहीणबाई. वर म्हणतात, “तुमचा जलम माळावरच गेला, तुमाला काय अप्रूप?”

मी मागे उलट्या तोंडाने, मांडीवर लाडवांचा डबा. तुझ्यासकट सगळे पुढे डोळे ताणून बसलेले आणि कळप गेला मागून. पीळदार शिंगांचा काळा नर थांबून माझ्याकडेच बघत राहिला.

जावई म्हणाले, “मामी, काय दिसलं का?”

“धूळ. लई धूळ.”

तुलासुद्धा खुणावलं नाही, तेवढंच टोचतंय. विहीणबाईंचं नाही.

डब्यातले धक्क्याने फुटलेले लाडू त्यांना धाड. अख्खे आपल्याला ठेव.