ओवाळणीचं बेणं

शिरूर, शुक्रवार, फेब्रुवारी १९९९

परवा बटाटा काढला. सगळा लांबट, सूत कातायच्या चातीसारखा. कृषी सहायक बघून म्हणाले, "मावशी, हा रोग बेण्यातनंच येतो, औषध नाही. यातलं पुन्हा लावू नका. टोमॅटोलाही लागतो, जपा."

बेणं दादानं दिलेलं. भाऊबीजेला दोन पोती ओवाळणी म्हणून टाकली. केवढी मिरवले मी!

आज दौंडला त्याच्याकडे गेले. अंगणात त्याचा बटाटा पसरलेला, गोल, गुळगुळीत. एकही लांबट नाही.

"तू हे बेणं लावलं न्हाईस?"

"मागल्या साली आमचा मालबी असाच आला व्हता," तो खाली बघत म्हणाला. "मग नवं आणलं. जुनं फेकायचं जिवावर आलं."

"म्हणून मला दिलंस?"

"तुझं रान चांगलं हाय. वाटलं, तिथं सुधारंल."

सुधारेल? का मी सख्खी म्हणून काही बोलणार नाही, असं वाटलं? वहिनीनं चहा आणला. मी तो न पिताच उठले.

परतल्यावर आधी शेजारच्या कमलकडे गेले. त्याच बेण्यातली पाटीभर मी कौतुकानं तिला दिलेली. तिचाही बटाटा लांबटच निघालाय, आणि बांधापलीकडं तिचा टोमॅटो उभा आहे. बेणं दादाचं, आणि रोग त्यातनंच आला, एवढं सांगितलं. तिनं टोमॅटोकडं पाहिलं. मग म्हणाली, "तुझ्या भावाला ठाऊक व्हतं का गं?"

"छे! त्याला कुठलं ठाऊक?"

पटकन बोलून गेले. त्यानं फसवलं त्याहून, त्याच्यासाठी मी अजून खोटं बोलते, याचाच राग येतोय.