एका वाक्याचा मुक्काम

आदरणीय व्याहीबुवांना,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे उभ्यानेच केला आहे, गोड मानून घ्यावा). आपला खोकला आणि विहीणबाईंचे गुडघे कसे आहेत ते कळवावं. इकडे आपली दोघांची नात मजेत आहे.

आपण जन्मभर इंग्रजी शिकवलंत, मी जन्मभर कपडे शिवले. शाळेसाठी आपल्याकडे राहणाऱ्या नातीला सुट्टीत इकडे धाडताना आपण एक इंग्रजी वाक्य दिलंत, ‘द लिट्ल गर्ल स्लोली ओपन्ड द रेड बॉक्स’, आणि बजावलंत की शब्दांच्या जाती ओळखून झाल्या की लगेच परत यायचं. एवढा उशीर का, असं आपण विचारता, म्हणून हा खुलासा.

मी म्हटलं, यात काय आहे? कोट बेतला की त्याचेही तुकडे ओळखावेच लागतात. एकेक शब्द कापडाच्या पट्टीवर लिहून टेबलावर मांडला. मुलगी आणि पेटी ही नामं, म्हणजे पाठ आणि पुढचा भाग. उघडणं हे क्रियापद, म्हणजे बाही, सगळी हालचाल तिचीच. लहान, लाल ही विशेषणं, म्हणजे बटणं (‘द’ला अस्तर समजून सोडून दिलं). ‘स्लोली’ मात्र कुठेच बसेना. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, म्हणून ती पट्टी हाताशी असलेल्या पांढऱ्या कोटाच्या खिशाला टाचून ठेवली. आमच्या दुकानात टाचलेलं दिसलं की शिवायचं, विचारत बसायचं नाही, असा नियम आहे (मीच केलेला). आमच्या मंडळींनी तो पाळला. कोट दातांच्या डॉक्टरांचा! ते छातीवर ‘स्लोली’ मिरवत दवाखान्यात गेले. मी तोंड लपवून बसलो, तर संध्याकाळी स्वतः हजर. म्हणे, तो शब्द वाचून पेशंट निमूट तोंड उघडतात, दुसऱ्या कोटालाही लावा.

तेव्हा शब्द डॉक्टरांकडे, वाक्य अपुरं आणि नात इथे, अशी परिस्थिती आहे.

आपला,
शिंपी व्याही

ता. क. : आपल्याशी खोटं कशाला बोलू? पोरीने सगळ्या जाती पहिल्याच दुपारी धडाधड ओळखल्या, ‘स्लोली’सकट. मी शाबासकी दिली, तर तिचा चेहराच उतरला. म्हणाली, “आजोबा, एक चुकीचं ठेवूया ना. नाहीतर उद्या जावं लागेल.”

ता. क. २ : पुढचं वाक्य आपण स्वतःच घेऊन यावं. तिच्यावाचून आपल्यालाही घर खायला उठत असेल, हे कळतं मला. वाक्य मात्र चांगलं लांबलचक असू द्या, शेवटी पूर्णविराम नसला तरी चालेल