फरशीवरचं गणित

४ फेब्रुवारी

नातीचा गणिताचा पेपर पुन्हा अर्धा कोरा आला. सोपी गणितं सगळी बरोबर, अक्षर मोत्यासारखं. अवघडांना हातच लावलेला नाही. सूनबाई वैतागली — "येत नाही म्हणावं तर विचारतही नाही. बसून राहते नुसती." शाळेतल्या बाईंचा निरोप आहे: चुकलं तरी चालेल, पण लिहू दे. कोऱ्या पानात मी तपासू काय, म्हणाल्या. महिनाअखेर परीक्षा. असंच चाललं तर मागे ठेवतील.

५ फेब्रुवारी

हे जाऊन वर्ष होत आलं. ह्यांची खुर्ची अजून खिडकीशीच आहे. आज उन्हात करकरली. लाकूड तापलं की करकरतं, ठाऊक आहे मला. तरी मान वळलीच.

८ फेब्रुवारी

नात आणि मी शेंगा सोलत होतो. सहज विचारलं, "कोरं का ठेवतेस गं?"

"वेळ पुरला नाही म्हणता येतं."

"आणि लिहिलं तर?"

"तर चुकेल ना." मग शेंगांकडे बघत म्हणाली, "आजोबा म्हणाले होते."

लख्ख आठवलं. दवाखान्यात, शेवटच्या दिवशी, नर्सला — "ही माझी नात. हिचं कधी चुकत नाही." आम्ही सगळे हसलो होतो. त्यानंतर ते बोललेच नाहीत.

तेवढं वाक्य पोरगी सांभाळत बसली आहे. ती चुकली तर आजोबा खोटे पडतील!

९ फेब्रुवारी

वाचनालयातून मुलांच्या अभ्यासावरचं पुस्तक आणलं. लिहिलंय, मुलाला हुशार म्हणू नका, त्याने केलेल्या खटपटीबद्दल बोला. बरं. पण हुशार म्हणणारा माणूसच गेला, आता त्याचे शब्द मागे कोण घेणार? तेवढं पुस्तकात नाही.

१२ फेब्रुवारी

एक गोष्ट फक्त मला माहीत आहे. हे गणिताचे मास्तर, शाळेत दरारा. मास्तरांचा खडू कधी अडत नाही म्हणायचे लोक. अडायचा. घरी अडायचा. पहाटे स्वयंपाकघरात उकिडवे बसून त्या दिवशीची गणितं फरशीवर सोडवायचे. चुकलं की "च्च" — तळव्याने पुसायचं, पुन्हा मांडायचं. सरकत सरकत पार कपाटाला टेकायचे. मग मला, "पोरं उठायच्या आत फडकं मार. आणि हे कुठे बोलायचं नाही."

नाही बोलले. ते गेल्यावरही नाही. आता बोलले तर त्यांची लाज जाते, नाही बोलले तर पोरगी हातची जाते. फोटोकडे बघवत नाही.

१३ फेब्रुवारी

सांगितलं.

"आजोबा? चुकायचे?"

"रोज."

"खोटं. मला बरं वाटावं म्हणून सांगतेस." उठून गेली.

सूनबाईने ऐकलं. "आई, गेलेल्या माणसाबद्दल कशाला काहीतरी." दोघींचा माझ्याशी अबोला. दुपारभर घरात "च्च" ऐकू येत होतं. उशिरा कळलं, मीच करत होते.

१४ फेब्रुवारी

अबोला चालू.

१५ फेब्रुवारी

सकाळी खडू घेऊन मीच स्वयंपाकघरात फरशीवर बसले. तिच्या पुस्तकातलं अपूर्णांकांचं गणित. मी वाचायला शिकले ती पुडीच्या कागदांवरून. अपूर्णांक मला कोण शिकवणार? गुडघ्यांनी तेवढी तक्रार केली. चुकलं. पुसलं. पुन्हा चुकलं.

दारातून आवाज — "आजी, आधी छेद सारखे कर."

केले. तिसरंच काहीतरी आलं.

"अगं, असं नाही गं." आली, खडू ओढून घेतला, पालथी पडून लिहायला लागली. दोन ओळींनंतर तीही अडली. तळव्याने पुसलं.

१६ फेब्रुवारी

आज तिचा खडू घरंगळत कपाटाखाली गेला. काढायला वाकली ती तशीच राहिली. "आजी, इथे लिहिलंय." माझं फडकं तिथवर कधी पोचलंच नव्हतं. ह्यांचं अक्षर. गाल फरशीला लावून तिने बराच वेळ वाचलं. मग अगदी हळू — "आजी, आजोबांचं चुकलंय." आणि खडू घेऊन त्याच्याच खाली लिहायला लागली.