तस्कराचं पचलं

पिंपरी,
१९ फेब्रुवारी १९७१

प्रिय विशाखा,

जय भीम. तुझ्या तस्कराला आज सकाळी साफ झालं. बातमी लिहायला जरा घाणच आहे, पण आमच्या पॅकिंग खात्यात ती पेढे वाटण्याच्या तोलाची ठरली. फोरमन लक्ष्मणरावांनी स्वतः पेटीत वाकून पाहिलं. तू लिहिलं होतंस तसंच निघालं, काळसर, घट्ट आणि टोकाला खडूसारखं पांढरं. मग कमरेवर हात ठेवून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "पचलं बरं का!" झाडलोट करणाऱ्या ठकुबाई म्हणाल्या, "बया, माज्या नातवाचं बी कुनी इतकं निरखून बगितलं न्हाई." दहाच्या चहाचे पैसे आज लक्ष्मणरावांनी दिले. ते कधी देत नाहीत, तुला ठाऊक आहे.

दिवाळीच्या सुट्टीत तू मला डबा द्यायला आली होतीस आणि नेमकं त्याच वेळी खोक्यातल्या पेंढ्यात ते सापाचं पिल्लू निघालं. अंगठ्याएवढंही जाड नव्हतं, पण फणा नसताना मान अशी वाकडी करून उभं राहिलं की गेनूसारखा गडी टेबलावर चढला. लोकांनी पहारी घेतल्या. तू मधे शिरलीस, त्याला हातात उचललंस, ते तुझ्या बोटाला चावलं आणि तू हसलीस. म्हणालीस, "तस्कर आहे, विष नसतं याला. उंदीर खातो." लक्ष्मणरावांनी मात्र एवढंच ऐकलं की उंदीर खातो. पेंढ्यापायी आमच्याकडे उंदरांचा सुळसुळाट, दर खोक्यामागे एक बाळंतीण. म्हणाले, "मग राहू दे राव, पगार न मागणारा माणूस आहे." जुन्या खिडकीच्या काचा जोडून पेटी तूच करवून घेतलीस, आत फुटकं कौल आणि पाण्याची वाटी ठेवलीस, वर जाळी लावलीस, आणि मुंबईला आपल्या जनावरांच्या डॉक्टरीच्या कॉलेजात परत गेलीस.

मागच्या महिन्यात तो आजारी पडला तेव्हा घाईत चार ओळी लिहिल्या होत्या. काय घडलं ते आता नीट सांगतो. एका सकाळी पेटीजवळ गेलो तर नाक धरावं असा वास. त्याने खाल्लेलं सगळं उलटून टाकलं होतं, फुगलेलं, अर्धवट सडलेलं. स्वतः कौलाखाली न जाता उघड्यावरच दोरीसारखा पडला होता. कुणी म्हणालं औषध मारलेला उंदीर खाल्ला, कुणी म्हणालं नजर लागली. चौकशी करता करता उलगडलं. मी सकाळच्या पाळीत त्याला पेंढ्यातलं उंदराचं एक पिल्लू देत होतो, डोळे न उघडलेलं. दुपारच्या पाळीत गेनू एक देत होता. रात्रपाळीचे बबनराव तर मोठंसं शोधून द्यायचे, "रात्रीचं जेवन हाय त्येचं," म्हणून. पाळी बदलताना आम्ही मशीनचं सांगतो, खिळ्यांचं सांगतो, सापाचं कोण सांगणार? प्रत्येकाला वाटायचं, आपण दिलं नाही तर बिचारा उपाशी राहील. त्यात कुणी पाहायला आलं की भरल्या पोटी त्याला बाहेर काढून हातोहात फिरवायचे. आणि पेटी होती दाराशी, गारठ्यात. गेनूचा चेहरा एवढासा झाला होता. म्हणाला, "भीमराजदादा, आमी तर लाडच केला की वो!"

तुझं उत्तर आलं ते मी जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचलं. तुझ्या सरांनी "गाई-म्हशीचं विचार" म्हणून टोलवलं, तरी तू ग्रंथालयात बसून, जे मिळेल ते वाचून स्वतः विचार केलास, हेही वाचलं. थंड अंगात अन्न पचत नाही, पोटातच सडतं. पेटीची एक बाजू उबदार हवी आणि एक गार, म्हणजे त्याला हवं तिथे तो जाईल. उलटी झाल्यावर दोन आठवडे काही द्यायचं नाही, फक्त ताजं पाणी. त्यानंतर एकच पिल्लू, त्याच्या अंगाहून बारीक, आणि खाल्ल्यावर दोन दिवस कुणी हात लावायचा नाही. पुढेही आठवड्याला एकदाच. माणसं इतकी शांत बसून ऐकत होती की मला युनियनच्या सभेची आठवण झाली. तिथे कुणी असं बसत नाही.

लक्ष्मणरावांनी पेटी रंग वाळवायच्या भट्टीच्या भिंतीशी हलवली, एक बाजू भिंतीला चिकटवून. मग ज्या फळ्यावर ते दिवसाची खोकी लिहितात, त्यावर खडूने लिहिलं, "सापास कोणीही खाऊ घालू नये. हुकमावरून, डॉ. विशाखा." मी म्हटलं, साहेब, अजून झाली नाही ती डॉक्टर, दुसऱ्या वर्षाला आहे. त्यांनी फडकं उचललं आणि विचारलं, "पुसू का मग?" मी हातोडा उचलून खोक्याकडे वळलो. ते तसंच राहिलं. तिन्ही पाळ्या रोज ते वाचतात.

उपासाचे दिवस सापापेक्षा माणसांनाच जड गेले. ठकुबाई वाटीत दूध घेऊन आल्या. "देवाला उपाशी मारता व्हय रं?" मी सांगितलं, आजी, दूध त्याला पचत नाही, डॉक्टरीणबाईंचं तसं पत्र आहे. त्यांनी फळ्याकडे पाहिलं. वाचता येत नाही, पण पाहिलं आणि दूध स्वतः पिऊन टाकलं. बबनराव रोज पेटीपाशी येऊन हात मागे बांधून उभे राहायचे, जणू हात सुटला तर काहीतरी भरवेल. रविवारी ज्यादा कामाला आलो होतो तेव्हा एक बारीकसं पिल्लू कौलाजवळ ठेवलं. त्याने गिळलं. आम्ही पेटीवर गोणपाट टाकलं आणि तिकडे फिरकलो नाही. त्यानंतरची बातमी आजची.

चहा पिताना लक्ष्मणराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगी सुट्टीत आली की चाकणला आमच्या मळ्यात घेऊन या. म्हैस दोन वर्षं गाभण राहत नाही. आईनं विचारलंय." मी हो म्हटलं आणि तोंड धुवायला नळावर गेलो.

आता खरं लिहितो. देहूरोडचे पाहुणे तुझं स्थळ पाहायला आले होते, त्याबद्दल तू एवढंच लिहिलंस, "बाबा, तुम्ही म्हणाल तसं." मुलगा चांगला आहे, कायम नोकरीत आहे. अण्णासाहेब मामांनी मनापासून आणलेलं स्थळ. पण मुलाच्या आईची, सगुणाबाईंची, अट होती की कॉलेज आत्ताच सोडायचं. म्हणाल्या, "आपल्या आज्यापणज्यांनी मेलेली ढोरं ओढली. त्यातनं सुटलो म्हणून शहरात आलो, अन् तुम्ही पोरीला परत ढोरांतच घालता?" विशाखा, तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, कारण माझ्या बापाच्या खांद्यावरचा दोराचा वळ मी पाहिलेला आहे. आज नळावर उत्तर सुचलं. माझ्या बापाला गावातून हाक यायची ती जनावर मेल्यावर. तुला जित्या म्हशीसाठी आली आहे, आणि घरच्या म्हातारीनं विचारून आली आहे. तुझ्या आईला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. "राहिलीत किती वर्षं?" म्हणाली. मी म्हटलं, दोन-अडीच. "मग शिकू द्या," म्हणाली आणि भाकरी उलटली. परवा रविवारी पाहुणे उत्तराला येणार आहेत. मी हात जोडून नाही सांगणार आहे, सगुणाबाईंचा मान राखून. अण्णासाहेब रागावतील, बहुधा पानावरून उठतील, आणि चौदा एप्रिलपर्यंत आपल्या घरचं पाणी पिणार नाहीत. त्या दिवशी मात्र येतील, कारण मिरवणुकीचा निळा फेटा त्यांना स्वतःला बांधता येत नाही. तू परीक्षेचं बघ.

तुझ्या नावाचा फळा रोज वाचणारा, तुझाच
बाबा