माउस लागत नाही

हिंजवडी, पुणे
रविवार, १८ फेब्रुवारी २००७

ती. सौ. नंदाताई,

परत तेच लिहिलंस. "पाडव्याला साक्षगंध करायचं की नाही, एका शब्दात सांग." एका शब्दाचं असतं तर पोस्टकार्डावर भागलं असतं. मी दरवेळी हवापाणी सांगतो आणि मुद्द्यावर येत नाही, हेही लिहिलंस. मागच्या महिन्यात फोनवर मुद्द्यावर येत होतो, तर "आता नको, सासूबाई बसल्या आहेत" म्हणून फोन तूच ठेवलास. मग माणसाने बोलावं कुठे?

नमस्कार घे. भाऊजींनाही सांग. खोकला गेला. जेवण बरं असतं, फक्त भाजीत साखर असते. पुण्यात साखर सगळ्यात घालतात, बोलणं सोडून.

रिसोडची मंडळी घाईला आलीत म्हणतेस. पूर्णिमाची आई सुशीलाबाई भाऊजींची चुलत बहीण, तेव्हा काही कमीजास्त झालं तर बोल तुलाच लागणार, हे मला कळतं. पूर्णिमासाठी मेहकरच्या कंपाउंडरचं स्थळ आलं होतं, ते त्यांनी माझ्यापायी थांबवून ठेवलंय, हेही कळलं. आणि पूर्णिमा टायपिंगच्या क्लासला जायला लागली. पुण्यात आल्यावर नवऱ्यासारखंच कॉम्प्युटरवर काम करता येईल म्हणून. ही ओळ तू म्हशीच्या दुखण्याचं लिहिता लिहिता मध्येच टाकली आहेस. मी ती चार-पाच वेळा वाचली.

तर कॉम्प्युटरचंच सांगतो.

आमच्या कंपनीचं कॅन्टीन तळमजल्यावर आहे. एका वेळी तीनशे माणसं जेवतात. कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर आहे. छताच्या स्पीकरमधून जे वाजतं ते त्यातून वाजतं. त्यात चित्रं नाहीत, माउस नाही. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. एक बारीक रेघ लुकलुकत असते, तिथे हुकूम टाइप करायचा. त्याला कमांड म्हणतात. हे सगळं बसवलं दत्तप्रसाद सरांनी. ते कर्वेनगरचे, कंपनीची सगळी मशीनं त्यांच्याकडे. मी पहिल्या दिवशी विचारलं, "सर, याला माउस काऊन नाही?" तर म्हणाले, "गाणं कानांनी ऐकतात. हातांनी काय करणार आहात आपण?" मला ते 'आपण' म्हणतात. पुण्यात कोणी आपल्याला 'आपण' म्हटलं की समजायचं, आपलं काहीतरी चुकलंय.

गाणी लावणारा माणूस जूनमध्ये सोडून गेला, म्हणून मला तिथे बसवलं. माझं इंग्रजी सातवीचं, आणि सातवी अर्धीच. सर सांगतील ते मी वहीत मराठीत लिहून घेतलं. एम पी एल ए वाय ई आर. मग एक जागा सोड. मग फाइलचं नाव. मग एंटर. जागा सोडायची राहिली तर तो म्हणतो, अशी कमांड नाही. रागावत नाही, टोमणा मारत नाही, तेवढंच म्हणून परत रेघ लुकलुकवत बसतो. गाणं सुरू झालं की स्पेसने थांबवायचं, परत स्पेस दाबली की पुढे चालू. बाणाने दहा सेकंद पुढे, उलट्या बाणाने दहा मागे. नऊ दाबलं की आवाज कमी, शून्य दाबलं की जास्त. क्यू म्हणजे बंद.

पहिल्याच आठवड्यात घोळ केला. त्यात लूप म्हणून एक असतं, त्याच्यापुढे आकडा द्यायचा. मला सनईची फाइल एकदाच वाजवायची होती, परत नको होती, म्हणून मी आकडा दिला शून्य. आणि तिसऱ्या मजल्यावर कामाला गेलो. ह्याच्यात शून्याचा अर्थ थांबूच नको असा होतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पाऊण तासाने खाली आलो तर तीच सनई, आणि दत्तप्रसाद सर हातात ताट घेऊन उभे. म्हणाले, "अक्षता कुठे ठेवल्यात? तीनशे जण खोळंबलेत."

तसं कामाला मी वाईट नाही. आता अकरा कमांड येतात. कात्रजला दुधाचे क्रेट उचलायचो तिथे तीन महिन्यांत कंटाळलो होतो, कर्वेनगरला एका सोसायटीत गेटवर होतो तिथे दोन महिन्यांत. इथे आठ महिने झाले. तू म्हणायचीस ना, ह्याच्या पायाला भिंगरी आहे.

सगळ्यात कामाचं बटण म्हणजे टॅब. फाइलचं नाव पूर्ण लिहावं लागत नाही. दोन-तीन अक्षरं लिहायची आणि टॅब दाबायचं, उरलेलं नाव तो आपणच लिहितो. माझ्यासारख्याला हे बरं. पण दोन फाइलींची नावं सारखीच सुरू होत असली तर तो पुढे जात नाही. परत टॅब दाबलं तर दोन्ही नावं खाली मांडून दाखवतो आणि थांबतो. तुला यातलं नेमकं कोणतं, असं जणू विचारतो.

माणसं तेवढं थांबत नाहीत. जूनमध्ये मी तुला लिहिलं, "सध्या कॉम्प्युटरवर आहे." त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. त्या दिवशी होतोच मी कॉम्प्युटरवर. उरलेलं तुम्ही लिहिलंत. तू रिसोडला सांगितलंस, भाऊ हिंजवडीला कंपनीत कॉम्प्युटरवर असतो. हिंजवडी म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. मी अडवलं नाही, हे खरं आहे. बरं वाटत होतं, हेही लिहून टाकतो.

जानेवारीत पूर्णिमाचा भाऊ दिग्विजय आला होता, ते त्याने घरी सांगितलंच असेल. काय सांगितलं ते तुझ्या पत्रावरून कळलं. त्याने सांगितलं नाही ते मी सांगतो, कारण ते त्याला माहीत नाही.

तो कसल्याशा परीक्षेसाठी पुण्यात आला होता. शनिवारी दुपारी कंपनी बघायला येतो म्हणाला. शनिवारी बिल्डिंग निम्मी रिकामी असते. मी दत्तप्रसाद सरांना पास मागितला. त्यांनी विचारलं, "नातं काय लिहू?"

"होणारा मेहुणा."

"म्हणजे अजून झालेला नाही. 'संभाव्य' लिहितो."

त्या दिवशी मी खोलीवरच्या अनिरुद्धचा चौकड्यांचा शर्ट घातला होता. एरवी आम्हाला निळा शर्ट असतो, त्याच्या पाठीवर ठेकेदाराचं नाव असतं. ठेकेदाराचं मी तुला आजपर्यंत लिहिलं नव्हतं. कंपनी पगार देते ती आत बसणाऱ्यांना. मला ठेकेदार देतो.

दिग्विजय आला. त्याला सरळ कॅन्टीनमध्ये नेलं, कारण दुसरीकडे नेण्यासारखी जागा नव्हती. वाशीमला तो कॉम्प्युटरचा डिप्लोमा करतो, पण काळा पडदा त्याने पाहिला नव्हता. मी बसलो आणि कमांड टाइप केली. मध्ये टॅब मारला, नाव आपोआप पूर्ण झालं. बासरी सुरू झाली. फाइल नेमक्या चौथ्या मिनिटापासून सुरू करून दाखवली, आवाज वरखाली करून दाखवला. पडद्यावर सेकंदांचे आकडे पळत होते. तो माझ्या खांद्यामागे उभा होता.

"दाजी, माउस नाही?"

"लागत नाही," मी म्हटलं.

ताई, मी तेवढंच बोललो. त्याने शेजारी खुर्ची ओढली, वही काढली आणि मी काय टाइप केलं ते उतरवून घेतलं. मग म्हणाला, आमच्या सरांनाही एवढं येत नसेल.

तेवढ्यात गोदाबाई आल्या. गोदाबाई इथल्याच, पलीकडच्या वस्तीतल्या, वय पन्नासच्या पुढे. त्या फरशी पुसतात, मी टेबलं पुसतो. दुपारी तीन वाजता चहाची किटली घेऊन चार मजले फिरतो. सकाळी आठला कॅन्टीन उघडून खुर्च्या खाली घेतो. मध्ये मध्ये गाणी लावतो. हे माझं काम. लिहायला तीन ओळी लागल्या आणि आठ महिने लागले.

त्या शनिवारी माझी टेबलं पुसायची राहिली होती. पहिल्या रांगेत कोणीतरी डाळ सांडलेली होती. गोदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, अनिरुद्धच्या शर्टाकडे पाहिलं, दिग्विजयच्या वहीकडे पाहिलं. त्यांना पाहुणा येणार एवढंच माहीत होतं. त्यांनी माझं फडकं उचललं, माझी टेबलं पुसली. मग पोछा घेऊन आमच्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, पाय वर घ्या जरा. फरशी वली हाय."

मी पाय वर घेतले.

दिग्विजयनेही घेतले. गोदाबाईंनी आमच्या खुर्च्यांखालून पुसून घेतलं आणि गेल्या. मी बासरी दहा सेकंद मागे घेतली. का घेतली माहीत नाही. हाताला काहीतरी करायला पाहिजे होतं.

तिसऱ्या दिवशी डबा खाताना मीच म्हटलं, "मावशी, चुकलं माझं."

"चुकलं कशाचं?" त्या म्हणाल्या. "म्या म्हनलं, पोराचं जमतंय, कशापायी मोडायचं. पर म्या येकदाच म्हनलं साहेब. ती पोरगी जलमभर कसं म्हनंल?" आणि मला लसणाची चटणी वाढली.

आता तुझं बोलतो. राग येईल, येऊ दे.

तुला हे सगळं दिवाळीतच कळलं होतं. भाऊबीजेला ओवाळताना तू माझे हात धरलेस. बोटांना फिनेलने चिरा पडल्या होत्या. तू काहीच विचारलं नाहीस. फक्त म्हणालीस, "साबण बदल." आणि जाताना पिशवीत खोबरेल तेलाची बाटली टाकलीस. मागच्या पत्रात तू लिहिलंस, "लग्न झाल्यावर समदं चालते." कशाबद्दल ते लिहिलं नाहीस, पण माणूस असं उगाच लिहीत नाही.

चालते, हे खरं आहे. तुझं लग्न ठरलं तेव्हा भाऊजी वीज मंडळात आहेत असं सांगितलं होतं. मी तेव्हा तेरा वर्षांचा. पाठराखण म्हणून तुझ्यासोबत आठ दिवस राहिलो होतो, आठवतं का? ते पहिल्यांदा कामावर निघाले त्या सकाळी तू त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला होतास. त्यांनी तो बाजूला सारला, जुना सदरा घातला आणि मोरीमागून फावडं काढलं. खांबांसाठी खड्डे खणायला जायचे ते, रोजंदारीवर. मंडळाचेच खांब, म्हणजे त्यांच्या माणसांनीही खोटं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

तू तो शर्ट घडी घालून पेटीत ठेवलास. मला म्हणालीस, चल, पाणी भरून आणू. भाऊजी माणूस चांगलाच आहे, मी त्यांच्याबद्दल काही म्हणत नाही. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, मीही कधी विचारलं नाही. पण त्या सकाळी तुझ्याकडे बघणारा मी तिथे होतो.

म्हणून शुक्रवारी दिग्विजयला पत्र टाकलं. हे पत्र तुला मिळेल तेव्हा ते रिसोडला पोचलेलं असेल. तुला विचारून टाकायचं म्हटलं असतं तर टाकलं गेलं नसतं. त्यात लिहिलंय की मी ठेकेदाराकडे हाउसकीपिंगला आहे. चहा देतो, टेबलं पुसतो, दिवसातून चार वेळा गाणी लावतो. अकरा कमांड येतात, त्या खाली लिहून दिल्या आहेत, त्याला उपयोगी पडतील. आणि लिहिलंय की फरशी पुसायला आल्या होत्या त्या गोदाबाई, त्यांनी त्या दिवशी माझं काम केलं.

पूर्णिमासाठी वेगळं काही लिहिलं नाही. तिला मी पाहिलंय फोटोत, तिने मला फोटोत, त्यातही माझ्या अंगात अनिरुद्धचाच शर्ट होता. तिने टायपिंग सोडू नये, एवढं तुला जमलं तर तिच्या कानावर घाल. ते माझ्यासाठी शिकायचं नव्हतंच.

रिसोडची माणसं तुला बोलतील. सुशीलाबाई जास्तच बोलतील. माझ्या नावाने जे बोलायचं ते त्यांना बोलू दे, तू मध्ये पडू नकोस आणि माझी बाजू घेऊ नकोस. तुला माहीत होतं हे मी कोणाला लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. भाऊजींना हे पत्र वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. फावड्याचं पान वेगळं आहे, काढून ठेवता येईल.

उत्तराची वाट बघत नाही असं म्हणणार नाही, पण ते येईल असं धरूनही चाललेलो नाही. उद्या सोमवार आहे, आठला कॅन्टीन उघडायचं.

मनिऑर्डर वेगळी केली आहे. ती तुझ्या नावाने आहे, पण घरखर्चाची नाही, त्यातलं मोडू नकोस. त्या शनिवारी निघताना दिग्विजयने गेटवर माझ्या हातावर नारळ आणि पाकीट ठेवलं होतं, आईने दिलंय म्हणाला. मी घेतलं. पाकीट आपल्याकडे आहे तोवर शब्द बांधलेला आहे आणि त्यांना मेहकरवाल्यांशी बोलता येत नाही. तू स्वतः रिसोडला जा, हे पाकिटाचे पैसे सुशीलाबाईंच्याच हातात दे, दुसऱ्या कोणाबरोबर पाठवू नकोस. पाडव्याला अजून महिना आहे. कंपाउंडर थांबला असेल. नारळ मात्र परत करता येत नाही, तो आम्ही खाल्ला.

तुझा भाऊ,
प्रल्हाद
हाउसकीपिंग, तळमजला

मनिऑर्डर रुपये पाचशे एक.